ई-ग्रंथ आणि गावातील वाचक : योग्य रीडरची निवड

रत्नागिरी जिल्ह्याची ग्रंथालय-परंपरा जुनी आहे. रत्नागिरी येथील जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ साली झाली आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक वाचनालयांत त्याची गणना होते. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान रत्नागिरी, कवी केशवसुतांचे मालगुंड आणि साने गुरुजींचे पालगड ही तिन्ही ठिकाणे याच जिल्ह्यातील होत. पुढे राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अमलात आला आणि वाचनालय ही केवळ शहराची चैन न राहता गावाचीही गरज म्हणून मान्य झाली. आता या परंपरेत ई-ग्रंथालयाची भर पडली आहे. घरबसल्या, विनामूल्य आणि कोणत्याही वेळी ग्रंथ पाहता यावा, ही ई-ग्रंथालयामागील कल्पना आहे.

तथापि, ग्रंथ उपलब्ध असणे आणि तो वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. छापील पुस्तक हाती आले की उघडावे आणि वाचावे, एवढेच करावयाचे असते. ई-ग्रंथाच्या बाबतीत मात्र वाचक आणि ग्रंथ यांच्यामध्ये एक तिसरी वस्तू उभी असते. ती म्हणजे ग्रंथाची संगणकीय प्रत उघडून पडद्यावर दाखविणारी आज्ञावली. तिला सर्वसाधारणपणे ‘रीडर’ असे म्हटले जाते. हा रीडर योग्य नसेल तर उत्तम ग्रंथही निरुपयोगी ठरतो. पाने उघडत नाहीत, जोडाक्षरे तुटतात, अक्षर बारीक दिसते आणि वाचक कंटाळून पुस्तक बाजूला ठेवतो. म्हणून रीडरची निवड कशी करावी, याचा विचार शिक्षक, ग्रंथपाल आणि पंचायत सदस्य यांनी करणे अगत्याचे आहे.

पूर्णगडासारख्या गावाचा विचार

रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे पूर्णगड हे गाव आहे. टेकडीवर लहानसा किल्ला, खाली खाडी आणि पलीकडच्या तीरावर गावखडीचा किनारा, असा हा परिसर आहे. अशा गावातील शिक्षकास आपल्या गावाचा किल्ला, खाडी आणि बंदर यांविषयी जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवावयाचे आहे असे समजू. शाळेत एक-दोन संगणक असतील. पुष्कळशा पालकांकडे मोबाइल फोन असतील. परंतु कोकणातील पावसाळ्यात वीज आणि जोडणी या दोहोंचा भरवसा धरता येत नाही. शहरातील वाचकास जी सोय सहज मिळते ती येथे गृहीत धरून चालत नाही. म्हणून अशा गावाला उपयोगी पडेल असा रीडर कोणता, ही कसोटी लावल्यास निवडीचा प्रश्न बराच स्पष्ट होतो.

ग्रंथ कोठे मिळतात?

मराठी वाचकास आज विनामूल्य ई-ग्रंथ देणारी अनेक स्थळे उपलब्ध आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने ई-स्वरूपात खुली केली आहेत. १९९२ साली स्थापन झालेल्या राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथ संगणकावर आणण्याचे काम केले आहे. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात, तर पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर संकेतांच्या साहाय्याने ‘दीक्षा’ या ॲपमधील पूरक साहित्य उघडता येते. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रास अर्पण करण्यात आले. बालवाचकांसाठी राष्ट्रीय ई-पुस्तकालयाची सोय आहे. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुने ग्रंथ टंकलिखित करून, ताडून पाहून ठेवीत असतात. जागतिक पातळीवर १९९६ साली सुरू झालेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या ग्रंथसंग्रहातही असंख्य मराठी पुस्तके आहेत.

यातील एक बाब ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे पुष्कळ अंशी एका विशाल सूचीसारखे आहे. ते वाचकास ग्रंथाचा ठावठिकाणा दाखविते आणि नंतर मूळ संस्थेच्या स्थळाकडे पाठविते. त्यामुळे एकाच सूचीतील दोन पुस्तके दोन निरनिराळ्या पद्धतींनी उघडतात. पुस्तक उघडले नाही म्हणजे आपणांस संगणक येत नाही, असे समजण्याचे कारण नाही. त्या पुस्तकाची प्रत कोणत्या प्रकारची आहे, हे प्रथम पाहावे.

प्रतींचे दोन प्रकार

तांत्रिक नावे अनेक असली तरी वाचकाच्या दृष्टीने ई-ग्रंथाच्या प्रती मुख्यतः दोन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार पानाच्या चित्राचा. जुन्या ग्रंथाचे प्रत्येक पान यंत्राखाली ठेवून त्याचे छायाचित्र घेतले जाते आणि ही सर्व छायाचित्रे एकत्र बांधली जातात. अशी प्रत बहुधा पीडीएफ स्वरूपात असते. क्वचित ‘देजाव्यू’ नावाच्या स्वरूपातही आढळते. पीडीएफ हे स्वरूप अ‍ॅडोबी या कंपनीने १९९३ साली प्रचारात आणले आणि २००८ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या प्रकारात पान जसे छापले तसेच दिसते. शीर्षक, चित्रे, नकाशे, तळटीपा आणि वाळवीने पाडलेली भोकेसुद्धा. संशोधकास हे उपयुक्त असते. परंतु मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तेच पान वाचावयाचे तर बोटांनी मोठे करून डावीकडून उजवीकडे सरकवीत राहावे लागते. शिवाय चित्रांमुळे अशा प्रतींचा आकार पन्नास-शंभर मेगाबाइटपर्यंत सहज जातो.

दुसरा प्रकार मजकुराचा. यात पानाचे चित्र नसून प्रत्यक्ष अक्षरे साठविलेली असतात. ‘इपब’ हे यातील सर्वमान्य स्वरूप होय. ते २००७ साली मानक म्हणून स्वीकारले गेले आणि २०११ साली त्याची तिसरी आवृत्ती आली. पाणी जसे ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेते, तसा इपबमधील मजकूर पडद्याच्या आकारानुसार आपली मांडणी बदलतो. अक्षर मोठे करा, ओळी आपोआप नव्याने जुळतात. वृद्ध वाचकास मोठे अक्षर आणि रात्री वाचणाऱ्यास काळी पार्श्वभूमी सहज मिळते. साध्या कादंबरीची इपब प्रत एक-दोन मेगाबाइटमध्ये सामावते. जेथे जोडणी मंद आणि खर्च मोजून करावयाचा असतो तेथे हा फरक फार मोलाचा आहे.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे. संगणकावर जुळणी केलेल्या नव्या पुस्तकांची पीडीएफ प्रत ही चित्र नसून मजकूरच असते. मात्र तिची पानांची मांडणी कायम असते. पाठ्यपुस्तके या प्रकारात मोडतात. त्यांतील आकृत्या आणि तक्ते जागच्या जागी राहणे आवश्यक असल्याने त्यांना पीडीएफच योग्य ठरते.

गॅझेटिअरचे उदाहरण

पूर्णगडच्या शिक्षकाकडे पुन्हा वळू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडी यांवरील दहावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातील गावे, किल्ले आणि बंदरे यांच्या नोंदी त्यात आहेत आणि पूर्णगडाचीही नोंद आहे. हा इंग्रजी ग्रंथ आता स्वामित्वहक्काच्या बंधनातून मुक्त असून इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहात तो पाहता येतो. तेथे एकाच ग्रंथाचे वाचन चार रीतींनी करता येते. ब्राउझरमध्येच उघडणारा रीडर, पीडीएफ प्रत, इपब प्रत आणि साधा मजकूर, यांपैकी कोणती रीत निवडावी?

इपब प्रत आकाराने लहान म्हणून प्रथम तीच उतरवून घेण्याचा मोह होतो. परंतु ही इपब कोणी माणसाने तयार केलेली नसते. पानांच्या चित्रांवरून यंत्राने अक्षरे ओळखून ती बनविलेली असते. या क्रियेला ‘ओसीआर’ म्हणतात. गॅझेटिअरमध्ये भारतीय नावांच्या स्वरांवर उच्चार दर्शविणारी चिन्हे दिलेली आहेत. ती यंत्रास नीट ओळखता येत नाहीत, तक्त्यांतील आकडे एकमेकांत मिसळतात आणि तळटीप मजकुराच्या मध्येच येऊन बसते. म्हणून गावाचे नाव शोधपट्टीत टाकून काही सापडले नाही, तर ते ग्रंथातच नाही असा निष्कर्ष काढू नये. ग्रंथाची अनुक्रमणिका पाहून पानाकडे जावे.

सबब, अशा ग्रंथासाठी योग्य क्रम असा. शोध घेण्यासाठी ब्राउझरमधील रीडर वापरावा. इष्ट पान सापडले की पीडीएफ प्रतीत तेच पान पाहून खात्री करावी. विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी तेवढीच पाने वेगळी काढून ठेवावीत. यंत्राने केलेल्या इपबमधून आकडे किंवा नावे परस्पर उतरवून घेणे टाळावे. याउलट, विकिस्रोतावरील ग्रंथ माणसांनी तपासलेले असतील तर त्यांची इपब प्रत निःशंकपणे वाचावयास हरकत नाही.

देवनागरीचा प्रश्न : दर्या आणि दऱ्या

इंग्रजी पुस्तक बहुतेक प्रत्येक रीडरमध्ये नीट दिसते. मराठीचे तसे नाही. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांची जुळणी पडद्यावर त्या क्षणी व्हावी लागते. ज्या रीडरला ती जमत नाही तेथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात.

मराठीत याहून बारीक एक खोच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. दोहोंत फरक केवळ रफार आणि आडव्या ‘र’चा आहे. हा आडवा ‘र’ हिंदीत लागत नाही. त्यामुळे मराठीचा विचार न करता बनविलेल्या काही टंकांत तो नीट उमटत नाही. कोकणावरील पुस्तकात दर्याच्या दऱ्या आणि दऱ्यांचा दर्या झाला तर वाचकाने काय समजावे? त्यातही संगणकात हा ‘र’ दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. पुस्तकात एक रीत आणि शोधणाऱ्याच्या कळफलकावर दुसरी असेल, तर डोळ्यांना शब्द सारखाच दिसूनही शोध निष्फळ ठरतो.

याशिवाय जुन्या टंकांचा प्रश्न आहे. देवनागरीचा समावेश युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ साली झाला. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी पुस्तकांची जुळणी निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र टंकांत होत राहिली. अशा पुस्तकाची पीडीएफ पडद्यावर सुबक दिसते, पण आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ असतो. त्यात शब्द शोधता येत नाही, उतारा घेतला तर अगम्य चिन्हे हाती येतात आणि वाचून दाखविणारे यंत्र निरर्थक ध्वनी काढते. हा दोष रीडरचा नसून प्रतीचा आहे, हे ओळखता यावे. त्याची सोपी परीक्षा अशी : पुस्तकातील एक ओळ निवडून ती कोऱ्या कागदपत्रात चिकटवावी. ओळ मराठीत उमटली तर प्रत युनिकोडमध्ये आहे. उमटली नाही तर ते पुस्तक केवळ डोळ्यांनी वाचण्यापुरते उपयोगी आहे.

पानांच्या चित्रांवरून मराठी अक्षरे ओळखण्याचे तंत्रही उशिरा विकसित झाले. इंटरनेट आर्काइव्हवर अनेक वर्षे मराठी पुस्तकांपुढे या भाषेचे ओसीआर शक्य नाही अशी नोंद दिसत असे. २०२० च्या सुमारास त्या संस्थेने ‘टेसरॅक्ट’ या मुक्त आज्ञावलीचा अवलंब केला आणि ही स्थिती बदलली. तरीही जुन्या शिळाछापाच्या किंवा झिजलेल्या खिळ्यांच्या मजकुरात चुका राहतातच.

रीडरचे तीन वर्ग

आता प्रत्यक्ष रीडरकडे वळू. त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग संकेतस्थळातच असलेल्या रीडरचा. यासाठी वाचकास काहीही बसवून घ्यावे लागत नाही. पुस्तकाच्या नावावर बोट ठेवले की पाने उलगडू लागतात. एखादा संदर्भ पाहण्यासाठी किंवा पुस्तक चाळण्यासाठी हा मार्ग उत्तम होय. परंतु प्रत्येक पान जोडणीवरून येत असल्याने जोडणी गेली की वाचन थांबते. शिवाय संकेतस्थळाने आपली पद्धत बदलली की वाचकाची सवयही बदलावी लागते. पूर्वी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या राष्ट्रीय प्रकल्पात मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके होती. पण पाने चित्ररूपात एकेक करून उघडत आणि त्यासाठी ब्राउझरला वेगळी जोड-आज्ञावली बसवावी लागे. पुढे ब्राउझरांनीच अशा जोड-आज्ञावली चालविणे बंद केले. क्रोम ब्राउझरने हा निर्णय २०१५ साली अमलात आणला. ते संकेतस्थळही आता चालू नाही; मात्र त्यातील पुष्कळ पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर पीडीएफ रूपात टिकून आहेत. त्याचप्रमाणे ‘फ्लॅश’ तंत्रावर आधारित, पाने उलटल्याचा भास करून देणारी ई-नियतकालिके २०२० अखेर ते तंत्र बंद झाल्याने उघडेनाशी झाली. ग्रंथ टिकला, रीडर गेला. आणि जेथे ग्रंथ रीडरलाच बांधलेला होता तेथे तोही वाचकाच्या हातून गेला. मुक्त मानकाचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.

दुसरा वर्ग संगणकावर बसविण्याच्या रीडरचा. पीडीएफ उघडण्यासाठी अ‍ॅक्रोबॅट रीडर सर्वपरिचित आहे. परंतु जुन्या, मंद संगणकास तो जड पडतो. विंडोज संगणकांसाठी ‘सुमात्रा पीडीएफ’ ही अत्यंत हलकी आणि विनामूल्य आज्ञावली असून ती पीडीएफबरोबर इपब आणि देजाव्यू प्रतीही उघडते. लिनक्सवर ‘ओक्युलर’ हेच काम करते. केवळ इपबसाठी ‘थोरियम’ हा विनामूल्य रीडर चांगला असून दृष्टिबाधितांच्या सोयीचा त्यात विशेष विचार केला आहे. ‘कॅलिबर’ ही मूळ भारतीय असलेल्या कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेली आज्ञावली तर वाचनालयाच्या कपाटासारखी आहे. पुस्तकांची नोंद ठेवणे, लेखकवार लावणे, एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर करणे अशी कामे ती करते. मात्र चित्ररूप पीडीएफचे इपब करावयास गेल्यास हाती काही लागत नाही, हे लक्षात ठेवावे. विंडोजमधील एज ब्राउझर पूर्वी इपब उघडीत असे. ती सोय २०१९ मध्ये काढण्यात आली असल्याने आता वेगळा रीडर घेणे भाग आहे.

तिसरा वर्ग मोबाइल ॲपचा. गावातील बहुसंख्य वाचक याच वर्गातील असतात. अँड्रॉइड फोनवर ‘रीडइरा’सारखे ॲप पीडीएफ, इपब आणि देजाव्यू अशी अनेक स्वरूपे उघडते आणि त्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही. आयफोनवर मूळचेच पुस्तक-ॲप असते. ॲप निवडताना ते फोनमधील संपर्कयादी किंवा आपले ठिकाण जाणून घेण्याची परवानगी मागते काय, हे पाहावे. पुस्तक वाचण्यासाठी यांपैकी कशाचीही गरज नसते.

कुलूप लावलेली पुस्तके

वर उल्लेखिलेले सर्व रीडर खुल्या प्रतींसाठी आहेत. विकत घेतलेल्या किंवा मुदतीवर मिळालेल्या ई-पुस्तकांना मात्र बहुधा संगणकीय कुलूप असते आणि त्याची किल्ली त्या-त्या कंपनीच्या रीडरपाशीच असते. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. बुकगंगा या मराठी विक्रेत्याची ई-पुस्तके त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचावी लागतात. परदेशातील सार्वजनिक ग्रंथालये ‘लिबी’सारख्या ॲपवरून ई-पुस्तके दोन-तीन आठवड्यांसाठी देतात आणि मुदत संपताच पुस्तक आपोआप परत जाते. तेथील मराठी कुटुंबांना हा व्यवहार परिचित आहे.

लेखक आणि प्रकाशक यांच्या हक्कांचे रक्षण व्हावयास हवे, याविषयी दुमत नाही. परंतु संस्थेसाठी खरेदी करणाऱ्याने आपण पुस्तक विकत घेत आहोत की वाचण्याची परवानगी, हे आधी जाणून घ्यावे. २००९ साली अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. छापील पुस्तकांचे दुकान बंद पडले म्हणून घरातील कपाट रिकामे झाल्याचे कोणी ऐकले नसेल. अनुदानाच्या पैशातून ई-पुस्तके घेताना हा भेद विसरता कामा नये.

दृष्टिबाधित वाचकांसाठी

ई-ग्रंथाचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना होऊ शकतो ते वाचक म्हणजे दृष्टिबाधित बंधुभगिनी. युनिकोडमधील मजकूर यंत्र वाचून दाखवू शकते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ ही सोय असते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली आहे. आणि मराठी आवाजही उपलब्ध आहेत. केंद्र शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ई-ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींना नोंदणी करून पुस्तके घेता येतात. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी सुलभ प्रती करण्यास मुभा दिली असून यासंबंधीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. चित्ररूप पीडीएफ मात्र या वाचकांना कोऱ्या कागदासारखी असते. गावात असा एक जरी वाचक असेल तरी रीडर आणि प्रत यांची निवड त्याच्यापासून सुरू करावी. त्याला जे सोयीचे ते इतरांना सोयीचेच ठरते.

निवडीच्या कसोट्या

एकंदर विवेचनाचे सार पुढील कसोट्यांत सांगता येईल :

१. पुस्तक एकदा उतरवून घेतल्यानंतर जोडणीशिवाय उघडते काय?

२. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘स्त्रिया’, ‘पूर्णगड’ हे शब्द नीट दिसतात काय? नव्या रीडरची परीक्षा या चार शब्दांनी घ्यावी.

३. अक्षर मोठे केल्यावर ओळ पडद्याबाहेर जात नाही ना?

४. मराठी शब्द शोधता येतो काय आणि वाचनाची खूण जागेवर राहते काय?

५. रीडर बदलला तरी पुस्तक आपल्यापाशी राहील काय?

६. यंत्राच्या साहाय्याने ते ऐकता येईल काय?

सर्व कसोट्यांना उतरणारा एकच रीडर शोधीत बसण्याची आवश्यकता नाही. पाठ्यपुस्तके आणि शासकीय प्रकाशने यांसाठी एक हलका पीडीएफ रीडर, कथा-कादंबऱ्यांसाठी एक इपब रीडर आणि संदर्भ शोधण्यासाठी ब्राउझर, एवढ्या साधनांवर शाळेचे किंवा वाचनालयाचे काम उत्तम चालते. यांपैकी कशासाठीही पैसे मोजावे लागत नाहीत.

गावपातळीवर काय करता येईल?

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. ई-ग्रंथालयालाही तीच सूत्रे लागू पडतात.

ज्या गावात वाचनालय आहे तेथे त्याच्या संगणकावर, नसल्यास शाळेच्या संगणकावर, खुल्या ग्रंथांचा एक संग्रह तयार करता येईल. पाऊस सुरू होण्यापूर्वी, जोडणी चांगली असताना पुस्तके उतरवून घ्यावीत आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर जपून ठेवावी. प्रत्येक फाइलला मराठीतून ग्रंथनाम आणि लेखकाचे नाव द्यावे. अंकांच्या आणि चिन्हांच्या नावाने ठेवलेले पुस्तक सहा महिन्यांनी कोणासही सापडत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची जोडणी पोहोचली असेल तेथे तिचा उपयोग या कामासाठी अवश्य करून घ्यावा. आपल्या गावाचा, खाडीचा, किल्ल्याचा उल्लेख ज्या ग्रंथांत आहे त्यांचा स्वतंत्र गट केल्यास विद्यार्थ्यांची गोडी वाढेल.

अशा संग्रहात कोणती पुस्तके ठेवावीत, याबाबत कायद्याचे भान ठेवणे जरूर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क कायम राहतो. हरि नारायण आपटे (मृत्यू १९१९), लोकमान्य टिळक (१९२०), साने गुरुजी (१९५०) यांचे मूळ लेखन आता सर्वांस खुले आहे. मात्र त्यांच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना किंवा टिपा यांवर संपादकाचा स्वतंत्र हक्क असू शकतो. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या अनधिकृत प्रती फोनवरून फिरत असतात. त्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा शाळेने कदापि ठेवू नयेत. ज्या लेखकाला आपल्या श्रमाचे मोल मिळत नाही तो पुढचे पुस्तक लिहीत नाही आणि त्यात वाचकाचेच नुकसान आहे.

शेवटी, रीडर कसा वापरावा हे एकदा कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. पुस्तक कोठे उतरले, पुन्हा कसे उघडावे, अक्षर कसे मोठे करावे, या तीन गोष्टी समजल्या की बाकीचे वाचक स्वतः शिकतो. ग्रंथपालाने किंवा शिक्षकाने आठवड्यातील एक तास यासाठी राखून ठेवल्यास गावातील वृद्ध, गृहिणी आणि शिक्षण अर्धवट राहिलेले तरुण यांच्यापर्यंत ग्रंथ पोहोचतील. शंका असल्यास जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधता येईल.

रत्नागिरीत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी वाचनालय स्थापन झाले तेव्हा ग्रंथ थोडे होते. आज ग्रंथ विपुल आहेत. ते उघडण्याचे साधन वाचकाच्या हाती नीट बसले पाहिजे. तेवढी काळजी शाळा, वाचनालय आणि ग्रामपंचायत यांनी मिळून घेतली, तर खाडीकाठच्या लहानशा गावातील विद्यार्थ्यालाही आपल्या गावाचा इतिहास आणि आपल्या भाषेतील साहित्य आपल्याच गावी बसून वाचता येईल.